मावशीचं एकमजली घर

माझी मोठी मावशी वर्षभर परदेशात हॉटेलांच्या चादरी धुते आणि सुट्टीत भांडायला घरी येते, असं मामा सगळ्यांना सांगायचा. यातलं पहिलं अगदी खरं. दुसरं मामा कसा वागतो यावर अवलंबून असायचं.

तिघा भावंडांत ती थोरली. मग मामा, आणि शेंडेफळ माझी आई. आजोबा अचानक गेले तेव्हा मामा शाळेत होता. मावशीने शिक्षण सोडलं, काही दिवस शिवणकाम केलं, मग एका इस्पितळाच्या धुलाईघरात लागली आणि तिथल्याच ओळखीतून थेट परदेशातल्या एका मोठ्या लॉन्ड्रीत गेली. मामाचं शिक्षण, आईचं लग्न, आजीचं लांबलेलं आजारपण, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं आणि तिने ते निभावलं. तिचं स्वतःचं लग्न ठरता ठरता राहिलं. नंतर कुणी विषय काढलाच तर म्हणायची, "त्याला चादरीची घडी घालता आली पाहिजे. आहे असा कुणी?"

ती लॉन्ड्री एका भल्यामोठ्या इमारतीच्या तळघरात होती. खिडकी एकही नाही. दिवसभर पांढरे दिवे, वाफ, आणि हवेत तरंगणारा कापसाचा भुगा. दोन गरम रुळांमधून चादर सरकवायची, तर दोघींनी दोन टोकं धरून ती ताणून आत घालावी लागते. मावशीच्या समोरचं टोक धरायची एक उंच बाई. ती तिसऱ्याच देशातली. तिचं नाव मावशीला नीट उच्चारता यायचं नाही, म्हणून मावशीने तिला 'जिराफ' करून टाकलं. तिने मावशीला काय नाव ठेवलं होतं, ते मावशी कधी सांगत नसे.

सुट्टीत मावशी मामाकडे उतरायची. घर मामाचं म्हणायचं, पण त्याची फरशी मावशीची, नळ मावशीचे, गॅलरीची जाळीसुद्धा मावशीची. सुरुवातीला तिला एक अख्खी खोली मिळायची. मामाची मुलं मोठी झाली तशी तिची खाट मुलांच्या खोलीत गेली, मग बैठकीत आली. एका वर्षी ती विमानतळावरून आली, तर घडीची खाट स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या बोळात, कपाटाला टेकवून ठेवलेली. मामी बिचारी बावरून म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा, तुम्हाला कुठे टाकू?"

मामीच्या मनात काही वाकडं नव्हतं. दोन खोल्या आणि तीन वाढते मुलगे, ती तरी काय करणार! मावशीसुद्धा हसली. "टाक कुठेही, मी काय पसरत नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चप्पल घालून जी बाहेर पडली ती संध्याकाळीच उगवली, आणि पायावरची धूळ धुता धुता तिने सांगितलं, "जागा बघून आले. घर बांधणार आहे."

जागा गावाबाहेर टेकडीच्या उतारावर होती. नुसता कातळ आणि काटेरी झुडपं. मामा बघून आला आणि कपाळाला हात लावून बसला. "अगं, तिथे शेळीसुद्धा चढायच्या आधी दहादा विचार करेल."

"मला शेळी नाही पाळायची," मावशी म्हणाली, आणि जागा तिने स्वतःच्या एकटीच्या नावावर घेतली.

खरं घोडं अडलं ते पुढे. जागेपुरती शिल्लक होती, घरापुरती नव्हती. ती परदेशात परतली आणि तिथल्या बँकेत गेली. पगार तिथेच जमा व्हायचा, एकही महिना चुकलेला नव्हता. काउंटरवरच्या तरुणाने छान हसून विचारलं, घर कुठे बांधणार? तिने देशाचं नाव सांगितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण मान हलली. हप्ते थकले तर बँकेला घर ताब्यात घेता आलं पाहिजे, आणि इतक्या लांबच्या घरावर त्यांचा हात पोचत नव्हता.

"म्हणजे तुम्हाला पळवता येत नाही, म्हणून मी बांधायचं नाही," मावशी म्हणाली. तो पुन्हा हसला. बहुतेक त्याला कळलं नाही.

पुढच्या सुट्टीत ती गावातल्या बँकेत गेली. तेव्हा मी नोकरी शोधत होते, म्हणजेच घरी बसून होते, म्हणून मला सोबत नेलं. कर्ज विभागातले साहेब सभ्य होते. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि पेन खाली ठेवलं.

"घर इथे आहे ते ठीक. पण पगार तिकडचा. उद्या तिकडून काढून टाकलं तर?"

"इकडे कुणाला काढत नाहीत का?" मावशीने विचारलं.

"तसं नाही हो. शिवाय तिकडच्या पैशाचा भाव वरखाली होत असतो. आणि तुम्ही एकट्या. मिस्टर नाहीत. मग भावाला घ्या ना सहकर्जदार म्हणून. दोन सह्या असल्या की आम्हालाही बरं वाटतं."

मामाला हे सांगितलं तेव्हा तो लगेच तयार झाला. "घाल की माझं नाव. आहे काय त्यात!" मग चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "फक्त कसं आहे, कर्जात नाव आलं की घरातही नाव यायला हवं. कायद्याच्या दृष्टीने म्हणतोय मी."

"नाव घालायचं असेल तर विटाही घाल," मावशी म्हणाली. "अर्ध्या विटा तुझ्या, अर्धं नाव तुझं."

मामाने आईकडे पाहिलं. आईने खिडकीबाहेर पाहिलं. कर्जाचं तिथेच बारगळलं.

मग मावशीने ठरवलं, कर्ज नाही तर नाही. पगार येईल तसं बांधायचं. या महिन्यात पाया खणायचा, पुढच्या महिन्यात खडी. तिने एका वास्तुकाराकडून नकाशा काढून घेतला: एकच मजला, दोन खोल्या, आणि पुढच्या बाजूला मोठं स्वयंपाकघर. त्याला तीन खिडक्या, टेकडीच्या उताराकडे तोंड करून. वास्तुकार म्हणाला, स्वयंपाकघर सहसा मागे असतं. मावशी म्हणाली, "मी आयुष्यभर मागे आणि खाली काम केलं. आता पुढे आणि वर उभी राहून भाकरी थापणार."

पण सुट्टी संपली की ती तिकडे आणि काम इकडे. कुणाच्या तरी हातात सूत्रं देणं भाग होतं. मामानेच विचारलं, आणि तिने मुखत्यारपत्र त्याच्या नावाने केलं. मामा वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. सरकारी कचेरीत त्याने आयुष्य काढलं, पण कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही. फक्त आपल्याला सगळ्यातलं सगळं कळतं, अशी त्याची पक्की समजूत होती.

दोन वर्षं मावशी पैसे पाठवत राहिली. तिकिटाचे वाचतील म्हणून एक सुट्टीही घेतली नाही. तिकडे ती एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहायची. बस टाळून चालत कामावर जायची. चपला झिजल्या तर हॉटेलातून टाकून दिलेल्या घालायची. इकडच्या पैशाचा भाव पडला की सगळा देश हळहळायचा आणि आमची मावशी फोनवर खूश असायची, "आज माझ्या घराच्या दोन ओळी जास्त चढल्या बघ." मामा व्हिडिओ कॉलवर काम दाखवायचा. पण दाखवायचा ते असं, की कॅमेऱ्यात निम्मा मामाच दिसायचा. मागे कुठेतरी सिमेंटची पोती, एखादा खांब, आणि मामाचा आवाज: "भक्कम चाललंय ताई, भूकंप आला तरी हलणार नाही."

"भिंती कधी?" मावशी विचारायची.

"आधी पाया नीट होऊ दे. तुला यातलं कळत नाही."

एके दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिने जिराफला कौतुकाने ते व्हिडिओ दाखवले. जिराफने ते लक्ष देऊन पाहिले, मग एवढंच विचारलं, "तू स्वतः कधी पाहिलंस?" तिने स्वतःही तिच्या देशात घर बांधलं होतं. दिराच्या भरवशावर. ते पुरं झालं, आणि दिराने ते विकूनही टाकलं. हे तिने तुटक्यामुटक्या भाषेत, डब्यातला भात खाता खाता, काहीच न झाल्यासारखं सांगितलं. मावशीने डबा बंद केला. त्याच आठवड्यात तिने रजा टाकली आणि कुणालाही न कळवता विमानात बसली.

ती थेट माझ्याकडे आली. "चल," म्हणाली, "बॅग नंतर उचलू." आम्ही रिक्षाने टेकडीपर्यंत गेलो आणि पुढे चालत चढलो. वर पोचल्यावर मावशी धापा टाकत थांबली.

तिथे घर नव्हतं. खांबांचं जंगल होतं. माणसाच्या कवेत मावणार नाहीत असे जाडजूड खांब, डोक्याच्या वर गेलेले, आणि प्रत्येकाच्या माथ्यातून गंजायला लागलेल्या सळया आभाळात घुसलेल्या. भिंत एकही नाही. जिथे स्वयंपाकघर यायचं होतं तिथे, रस्त्याच्या बाजूला, तीन दुकानांच्या गाळ्यांची आखणी करून ठेवलेली.

मामाला बोलावलं. तो आला तो धावतच आला, आणि मावशीला समोर बघून आधी त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पण पाच मिनिटांत तो सावरला आणि हातवारे करून समजावू लागला. "हे बघ ताई, दूरचा विचार केला मी. एकमजली घर म्हणजे जागेची नासाडी. हे खांब वर आणखी तीन मजले पेलतील असे आहेत. खाली गाळे, भाडं चालू. वर एकेक मजला एकेका पोराला. आणि तुला खाली मागच्या बाजूला एक मस्त खोली. जिना चढायची कटकट नको. आता वय होतंय आपलं."

"माझे सगळे पैसे या खांबांत गेले?"

"प्रत्येक पावती आहे माझ्याकडे! एक पैसाही खाल्ला नाही मी, शपथ घेऊन सांगतो."

"पैसा नाही खाल्लास रे," मावशी शांतपणे म्हणाली. "घर खाल्लंस."

मामाच्या अंगाचा तिळपापड झाला. ऊन माथ्यावर आलं होतं. तो बोलत सुटला. त्याने दोन वर्षं उन्हातान्हात खेटे घातले, ठेकेदारांशी डोकं फोडलं, स्वतःच्या रजा घालवल्या, ते कुणासाठी? "तुझ्यामागे आहे कोण? आमचीच पोरं ना? उद्या तू म्हातारी झालीस की तुला बघणार कोण?"

"मला बघायला येणाऱ्यांना जिना चढून यावं लागलं तरी चालेल," मावशी म्हणाली, "पण माझ्या डोक्यावर कुणी राहायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने मुखत्यारपत्र रद्द केलं. घरात मोठी रणधुमाळी झाली. आई रडली, मामा जेवला नाही, मामी दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले. कुणी म्हणे भावाचा अपमान केला, कुणी म्हणे परदेशात राहून डोकं फिरलंय. मावशीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि आमच्याकडे राहायला आली. तिची घडीची खाटसुद्धा ती मामाकडून उचलून घेऊन आली. "माझी आहे," म्हणाली, "पावती माझ्याकडेही आहे."

पैसे संपले होते, दोन वर्षांची साठलेली रजाही मोजकीच होती. म्हणजे पुन्हा बँक. तेच साहेब, तेच पेन. आता तर त्यांना आणखी एक कारण मिळालं, की काम अर्धवट अवस्थेत अडकलेलं आहे. "मी आधीच सांगितलं होतं, एकट्या बाईला जमत नाही. भावाची सही आणा."

"बाईला एकटीने कर्ज मिळत नाही, असा नियम आहे का?"

"नियम असा नाही, पण पद्धत आहे."

"मग ती पद्धत मला कागदावर लिहून द्या. सही-शिक्क्यानिशी. म्हणजे मी पुन्हा विचारणार नाही."

साहेब हसले. मावशी हसली नाही. ती उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं दमली असेल. पण ती बँक बंद होईपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी दारात हजर. सोबत पाण्याची बाटली आणि विणकाम. साहेब दिसले की उठून विचारायची, "झालं का लिहून?" आवाज चढवायची नाही, पण कुजबुजायचीही नाही. रांगेतल्या लोकांना ऐकू जायचं. काही दिवसांनी लोकच तिला विचारायला लागले, "मावशी, दिलं का लिहून?" पेन्शन घ्यायला येणारे एक आजोबा तर तिच्यासाठी भांडायला उभे राहिले. शिपाई आम्हाला चहा आणून द्यायला लागला आणि साहेब मागच्या दाराने जेवायला जायला लागले.

मला लाज वाटायची, हे खोटं कशाला सांगू! ओळखीचं कुणी आलं की मी मान खाली घालायची. मावशीने ते बघितलं. "तू लाजतेस कशाला? मी भीक नाही मागत. मी नकार मागतेय. माझ्या हक्काचा नकार आहे तो, तेवढा तर देऊ दे त्यांना."

नकार लिहून देणं साहेबांना परवडणारं नव्हतं, कारण तो कागद घेऊन ही बाई कुठे कुठे जाईल याचा अंदाज त्यांना आला होता. मावशीने मुख्य कार्यालयाकडे रीतसर तक्रारही पाठवली होती, ती मीच टाइप करून दिली. शेवटी वरून कुणीतरी फोन केला. साहेबांनी तिला आत बोलावलं आणि कर्ज मंजूर केलं. मागितलं होतं त्याच्या निम्मं. तिकडचा पगार त्यांनी कमी धरला, विमा घ्यायला लावला, आणि रक्कमही एकदम नाही, काम चढेल तशी, त्यांचा इंजिनिअर बघून जाईल तेव्हा. पगाराची प्रमाणपत्रं वकिलातीतून शिक्का मारून आणावी लागणार होती, ती अडचण वेगळीच. पण कर्जदाराच्या जागेखाली एकच रेघ होती आणि तिच्यावर एकटीची सही. मावशीने ती सही इतकी दाबून केली, की खालच्या कागदावरही उमटली.

निम्म्या पैशात काय होणार, हा प्रश्न होताच. गाळ्यांची आखणी पुसली. टाइल्स रद्द, रंग रद्द, फर्निचर सगळं रद्द. फक्त भिंती, छप्पर, दारं आणि त्या तीन खिडक्या. तिने एक मिस्त्री शोधला. कामात चोख, पण त्याला पहिल्या दिवसापासून एकच रुखरुख. "साहेब कधी येणार?"

"कोण साहेब?"

"घराचे मालक. म्हणजे माप वगैरे बोलायचं होतं."

"बोला ना. मीच आहे."

तो बोलायला लागला, पण माझ्याकडे बघून. मावशी त्याच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. तेव्हापासून तो तिच्याशीच बोलू लागला, आणि महिनाभरात दोघांचं इतकं जमलं, की रोज सकाळी एकदा कडाक्याचं भांडण झाल्याशिवाय काम सुरू व्हायचं नाही.

भिंती उभ्या राहिल्या आणि रजा संपली. स्लॅब अजून पडायचा होता. मावशीला तो स्वतःच्या डोळ्यांसमोर पडायला हवा होता, कारण पाठ वळली की कुणीतरी येऊन मिस्त्रीला 'दूरचा विचार' सांगेल अशी तिला खात्री होती. तिकडून मुकादमाचा फोन आला: सोमवारी हजर हो, नाहीतर येऊच नकोस. नोकरी गेली तर हप्ते बुडणार, हप्ते बुडाले तर घर बँकेचं. आईने हात जोडले. "ताई, जा बाई, स्लॅब आम्ही बघतो."

मावशी गेली नाही. तिने फोनवर मुकादमाला सांगितलं, "स्लॅब पडला की येते. काढायचं असेल तर काढा." फोन ठेवल्यावर मात्र तिने पासबुक काढून शिल्लक दोनदा मोजली. ते मी पाहिलं.

तिला काढलं नाही. का, ते नंतर कळलं. जिराफने मावशीच्या जागी दिलेल्या प्रत्येक बाईबरोबर चादरी वाकड्या आत घातल्या. यंत्रात गुंडाळा व्हायचा, सगळी रांग थांबायची. मुकादम ओरडला की जिराफ खांदे उडवायची: मी काय करू, मला तिच्या हाताची सवय आहे. तो मुकादम शेवटी वैतागून स्वतःच विचारायला लागला, ती छपरवाली परत कधी येतेय?

स्लॅब पडला. सकाळी सुरू झालेलं काम उन्हं कलेपर्यंत चाललं, आणि मावशी दिवसभर शिडीपाशी उभी होती. पुढे काही दिवस त्यावर पाणी मारलं. मग एका सकाळी ती वर चढली आणि तिने मिस्त्रीला विचारलं, "या सळया अशाच का?"

स्लॅबच्या वर प्रत्येक खांबातून सळयांचे झुबके उभे होते.

"त्या राहू द्यायच्या," मिस्त्री म्हणाला. "सगळे ठेवतात. उद्या मजला चढवायचा झाला तर उपयोगी."

"चढवायचा नाहीये."

"आज नाही हो, पुढेमागे."

"पुढे नाही आणि मागेही नाही. कापा."

मिस्त्रीने कानांवर हात ठेवले. इतक्या वर्षांत त्याने कधी कुणाच्या सळया कापल्या नव्हत्या. अपशकुनच तो. शिवाय इतके दणकट खांब, किती पैसा गेलाय त्यात, जरा विचार करा. मावशी म्हणाली, "पैसा माझाच गेलाय. त्याचं रडणं मी रडेन. तुम्ही कापायचं यंत्र आणा."

यंत्र आलं. पहिल्या सळईला पातं लागलं आणि असा कर्कश आवाज निघाला, की खालच्या वस्तीतले लोक घराबाहेर आले. ठिणग्यांचा पाऊस पडत होता. कुणीतरी मामाला कळवलं असावं. तो आला आणि खाली रस्त्यावर उभा राहिला. वर आला नाही. तोंडाशी हात धरून ओरडला, "ताई, काय करतेस! पोरांचं नशीब कापतेस तू!"

मावशी स्लॅबच्या कडेशी आली. यंत्र थांबवायला तिने सांगितलं नाही, त्यामुळे तिलाही ओरडावंच लागलं.

"पोरांना हात आहेत! त्यांचं त्यांना बांधू दे! मी तुझं केलं, धाकटीचं केलं, आईचं केलं! हे माझं आहे! माझ्यावर आता मजला चढणार नाही!"

खाली सगळी वस्ती ऐकत होती. मामा वळून गेला. मावशीने शेवटची सळई कापून होईपर्यंत तिथून पाय हलवला नाही. कापलेल्या टोकांवर सिमेंट लिंपून घेतलं, पाणी मुरू नये म्हणून. भंगारवाल्याने सळया विकत नेल्या आणि त्या पैशात खिडक्यांच्या काचा आल्या. त्यानंतर ती परदेशात गेली.

उरलेलं काम मी पाहिलं. तिने मला मुखत्यारपत्र दिलं नाही, फक्त किल्ली दिली. "तुझ्यावर विश्वास नाही असं नाही," म्हणाली, "पण विश्वासाला सही लागत नाही." गिलावा झाला, दारं लागली. दर महिन्याला हप्ता जात राहिला. तिकडे एका वर्षी हॉटेलं ओस पडली, लॉन्ड्रीत पाळ्या कमी झाल्या, तेव्हा ती जिराफबरोबर एका शाळेत साफसफाईच्या कामालाही गेली, पण हप्ता चुकवला नाही. घर बंदच होतं. लोक म्हणायचे, काय उपयोग त्या घराचा? राहायला माणूस नाही. मी हे तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्यांना सांग, माणूस आहे. कामावर गेलंय."

मग एक गंमत झाली. मामाच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं. मामाच्या दोन खोल्यांत नवी सून आणायची कुठे? बोळात खाट टाकून चालणार नव्हतं. त्याने बापाला न सांगता मावशीला फोन केला. "आत्या, तुझं घर रिकामं आहे."

"रिकामं नाही, बंद आहे. भाडं देणार असशील तर उघडते."

"आत्या, मी तुझा सख्खा भाचा!"

"सख्खा आहेस म्हणून तर विचारतेय. परक्याकडून आधी अनामत घेतली असती."

तो खो खो हसला, आणि तयार झाला. रीतसर भाडेकरार झाला. मामा महिनाभर घरात कुणाशी बोलला नाही. आत्याच्या घरात भाडं भरायचं, ही म्हणे खानदानाची नाचक्की. पण पोराने ऐकलं नाही. मागची मोठी खोली त्याची, स्वयंपाकघर सामायिक, आणि उरलेली खोली मावशीची. तिला कुलूप, किल्ली मावशीकडे. नव्या सुनेने पहिल्याच महिन्यात हप्त्याच्या तारखेच्या आधी भाडं भरलं. पैसे तिच्या पगारातले होते. ती पोर मावशीला फार आवडली.

गेल्या सुट्टीत मावशी आली ती टेकडीवर, स्वतःच्या दारात उतरली. दुसऱ्या दिवशी मामी आली, एकटीच. सगळं घर फिरून बघितलं, स्वयंपाकघरात खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. उतारावर खालपर्यंत घरं, रस्ते, दूर नदीचं वळण. मामी म्हणाली, "इथून आमचं घर किती लहान दिसतं हो ताई." मावशीने तिला खुर्ची दिली आणि तीही शेजारी बसली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, मी चहा करत होते.

मामा चार दिवसांनी आला. पायऱ्या चढून दारापर्यंत आला, पण उंबरठ्याबाहेरच थांबला. भिंतीवर मूठ आपटून बघितली, छताकडे नजर टाकली. मग म्हणाला, "गिलावा जरा जाड झालाय."

"हो," मावशी म्हणाली.

"इथून पाणी मुरेल बघ."

"मुरलं तर माझ्याच घरात मुरेल. आत ये, बस."

तो आत आला. बसायच्या आधी त्याने चपला नीट जुळवून ठेवल्या, जशा परक्याच्या घरी ठेवतात. चहा प्यायला. जाताना म्हणाला, "अजून किती वर्षं करणार आहेस तिकडे?"

"कर्ज फिटेपर्यंत."

"आणि मग?"

"मग माझी मी ठरवेन."

मामाने चपला घातल्या. हळूहळू पायऱ्या उतरून गेला. मावशी ओट्यापाशी गेली, बाही वर केली आणि पीठ मळायला घेतलं, कारण दुपार झाली होती आणि भूक लागली होती.